मनोरे राहिले, दोर गेले

सिडनी शहराच्या उत्तर भागात कॅमरे आणि नॉर्थब्रिज या दोन वस्त्यांच्या मध्ये एक खोल घळ आहे. त्या घळीवर एक पूल आहे. त्याच्या दोन्ही टोकांना किल्ल्याच्या बुरुजांसारखे दगडी मनोरे आहेत. तेथील जुने लोक आजही त्याला ‘सस्पेन्शन ब्रिज’, म्हणजे झुलता पूल म्हणतात. पण हा पूल झुलत नाही. त्याला दोर नाहीत, दोरांना लोंबणारे गज नाहीत. खाली काँक्रीटची भक्कम कमान आहे आणि सारा भार तिच्यावर आहे. नाव राहिले, काम बदलले. आमच्या बेटावर आडनावांचे असेच झाले आहे. पणजोबांचे पहिले नाव नातवंडांचे आडनाव होऊन बसले, आणि नातवंडांना त्याचे नवल वाटत नाही.

आपल्या पुष्कळ कुटुंबांची मुले आज मेलबर्न, सिडनी, पर्थ या शहरांत आहेत. तेथून पत्रे येतात, फोटो येतात, आणि फोटोत बहुधा तो प्रसिद्ध हार्बर ब्रिज असतो. त्याच्या शेजारच्या या धाकट्या पुलाचा फोटो कोणी पाठवत नाही. तरीही आम्ही आज त्याच्याविषयी लिहीत आहोत, कारण म्हाताऱ्या पुलाचे काय करावे, हा प्रश्न या पुलाने फार लवकर विचारला होता. त्याला मिळालेले उत्तर अर्धे बरोबर होते, अर्धे नव्हते, असे आमचे मत आहे.

हा पूल १८९२ साली तयार झाला. तो सरकारने बांधला नाही. एका खाजगी जमीन व ट्राम कंपनीने बांधला. घळीपलीकडची जमीन तुकडे पाडून विकायची, तर गिऱ्हाइकाला तेथपर्यंत नेले पाहिजे, हा त्यातला हिशेब. दोन मनोऱ्यांमधील अंतर सुमारे ५०० फूट. पुढे मंदी आली, जमिनीचा धंदा बसला, कंपनी बुडाली. पूल मात्र उभा राहिला आणि त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घेतला जाऊ लागला. १९१२ साली तो सरकारच्या ताब्यात आला. १९१४ पासून त्यावरून ट्राम धावू लागली. १९३६ साली तपासणीत त्याचे पोलादी दोर गंजून कमजोर झाल्याचे आढळले आणि पूल बंद करण्यात आला. नंतर खाली काँक्रीटची कमान बांधली, दोर काढून टाकले, दगडी मनोरे तेवढे ठेवले, आणि १९३९ साली पूल पुन्हा खुला झाला. ट्राम पुन्हा धावली ती १९५८ पर्यंत, म्हणजे त्या भागातील ट्रामच बंद होईपर्यंत.

आता एक साधी गोष्ट समजून घेऊ. अंगणात दोन खांबांना दोरी बांधून आपण धुणे वाळत घालतो. सगळीकडे सारखे कपडे घातले तर दोरी एकसारखी वाकते. पण एकाच जागी ओली चादर टाकली, तर ती जागा खाली बसते आणि बाकीची दोरी वर उचलली जाते. ती चादर दोरीवरून सरकवत नेली, तर तो खळगाही तिच्याबरोबर सरकतो. झुलत्या पुलावरील आगगाडी किंवा ट्राम ही अशी सरकणारी ओली चादर आहे. माणसे व बैलगाड्या पसरून चालतात. आगगाडीचे वजन एकवटलेले असते, आणि ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रुळांवरून, वर्षानुवर्षे त्याच जागी पडत राहते. म्हणून फार थोड्या झुलत्या पुलांवरून आगगाड्या गेल्या आहेत.

ज्यांवरून गेल्या त्यांची कथा शिकण्याजोगी आहे. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवर नायगारा नदीवर जॉन रोब्लिंग या अभियंत्याने १८५५ साली झुलता पूल बांधला. वरच्या मजल्यावर आगगाडी, खालच्या मजल्यावर घोडागाड्या. आगगाडीला त्यावरून अगदी सावकाश जावे लागे. पंचवीस वर्षांनी त्याचे लाकडी भाग काढून लोखंड व पोलाद घातले गेले. १८८६ साली दगडी मनोरे काढून त्यांच्या जागी पोलादी मनोरे उभे केले. ही कामे लेफर्ट बक या अभियंत्याने पुलावरील रहदारी चालू ठेवून केली. ज्या मनोऱ्यांवर दोर टेकले आहेत तेच मनोरे बदलायचे आणि वरून गाडी जाऊ द्यायची, हे वाचून आम्ही थक्क झालो. तरी १८९७ साली तो पूल काढून तेथे पोलादी कमान आली, कारण दुरुस्तीने पूल तरुण झाला तरी आगगाड्या त्याहून जास्त वजनदार झाल्या होत्या.

न्यूयॉर्कचा मॅनहॅटन पूल १९०९ चा. त्याचे रूळ मधोमध न घालता दोन्ही कडांजवळ घातले. एका बाजूने गाडी गेली की ती बाजू खाली बसे आणि पूल पिळला जाई. रोज शेकडो गाड्या, रोज शेकडो पीळ. लोखंडाला भेगा पडल्या. १९८२ पासून जी मोठी दुरुस्ती सुरू झाली ती वीस वर्षांहून जास्त चालली, आणि त्या काळात कधी या बाजूचे, कधी त्या बाजूचे रूळ बंद ठेवावे लागले. एका ओळीचा नकाशा चुकला आणि त्याचे बिल नातवांनी भरले. याउलट पोर्तुगालच्या लिस्बन शहरातील १९६६ चा झुलता पूल. पुढे कधीतरी त्यावर आगगाडी येईल, असे बांधणाऱ्यांनी आधीच धरून ठेवले होते. १९९९ साली आणखी दोर ओढून, खालच्या अंगाला रूळ घालून गाडी सुरू झाली. तेहतीस वर्षे ती जागा गाडीची वाट पाहत होती.

आता परत सिडनीच्या त्या घळीकडे. १९३६ साली ज्या कोणी पूल बंद करण्याची सही केली, त्याला आम्ही मनापासून मान देतो. पूल बंद करणे सोपे नसते. पलीकडे घरे आहेत, कामावर जाणारी माणसे आहेत, दुकानदार आहेत. ‘कालपर्यंत चालत होता, आज काय झाले?’ असे सगळेच विचारतात. पूल पडला नाही, माणूस मेला नाही, म्हणून वर्तमानपत्रात मोठा मथळा नाही आणि सही करणाऱ्याचा पुतळाही नाही. पडलेल्या पुलाचे नाव सर्वांना ठाऊक असते, वेळेवर बंद केलेल्या पुलाचे नसते.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण देताना हात जड होतो. गुजरातमधील मोरबी गावी मच्छू नदीवर राजेशाहीच्या काळातील पायी जाण्याचा झुलता पूल होता. २०२२ साली तो काही महिने बंद ठेवून त्याची डागडुजी केली आणि २६ ऑक्टोबरला गुजराती नववर्षाच्या दिवशी तो खुला केला. ३० ऑक्टोबरला संध्याकाळी तो तुटला. १३५ माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले होती. सरकारने नेमलेल्या तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात असे नमूद झाले की, एका मुख्य दोरातील ४९ तारांपैकी २२ तारा गंजून आधीच तुटलेल्या असाव्यात. लाकडी फळ्यांच्या जागी नवे धातूचे पत्रे घातले होते. म्हणजे जे पायाखाली दिसते ते नवे झाले, आणि जे डोक्यावर भार धरते ते जुनेच राहिले. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. याला भिंतीला भेग पडली असताना चुना लावणे म्हणतात.

झुलत्या पुलाची खरी अडचण येथेच आहे. त्याचा दोर म्हणजे बारीक तारांचा जुडगा. बाहेरून रंग लावलेला, गुळगुळीत, देखणा. आत पाणी शिरले की गंज आतून खातो आणि बाहेर कळत नाही. स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या मुखावर १९६४ साली रस्त्याचा झुलता पूल झाला. २००४ साली त्याचा दोर उकलून आत पाहिले, तेव्हा त्याची आठ ते दहा टक्के ताकद गेल्याचा अंदाज निघाला. पूल तेव्हा फक्त चाळीस वर्षांचा होता. मग दोरांत कोरडी हवा खेळवण्याची व्यवस्था केली आणि गंज थोपवला. मुद्दा असा की त्यांनी दोर उकलून पाहिला. न पाहता ‘सर्व ठीक आहे’ असे लिहिणाराही एक कागदच लिहितो, आणि दोन्ही कागद फाइलीत सारखेच दिसतात.

ऑस्ट्रेलियाचे लोक या बाबतीत सगळेच शहाणे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. पण एक गुण त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. सिडनीच्या हार्बर ब्रिजची कमान बांधताना दोन्ही किनाऱ्यांवरून अर्धी अर्धी कमान पाण्यावर पुढे सरकत होती. मधे टेकू नव्हता. प्रत्येक अर्धी कमान १२८ पोलादी दोरांनी मागे ओढून धरली होती, आणि ते दोर खडकात खोदलेल्या बोगद्यांतून वळवून घेतले होते. ऑगस्ट १९३० मध्ये दोन्ही अर्धे जुळले आणि दोरांचे काम संपले. आता एवढ्या दोरांचे करायचे काय? ब्रिस्बेन शहरात इंडूरुपिली येथे वॉल्टर टेलर नावाचा एक बांधकाम करणारा गृहस्थ होता. नदीवर मोटारींसाठी पूल व्हावा, असे त्याच्या मनात होते. त्याने त्यांतले दोर घेऊन झुलता पूल उभा केला. शेजारी १८९५ चा आगगाडीचा पूल होताच. १४ फेब्रुवारी १९३६ रोजी, म्हणजे सिडनीचा झुलता पूल गंजामुळे बंद झाला त्याच वर्षी, या नव्या झुलत्या पुलाचे उद्घाटन क्वीन्सलँडचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केले.

हे विल्सनसाहेब आपल्याला अगदीच परके नाहीत. १९२३ ते १९२८ ते मुंबईचे गव्हर्नर होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्याला हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी सुटली, ती त्यांच्याच हस्ते. भंडारदऱ्याच्या धरणाला विल्सन डॅम म्हणतात, ते नावही यांचेच. आपले पूर्वज त्याआधीच कोकणातून जहाजाने इकडे आले होते, त्यामुळे साहेबांची गाठ पडली नाही.

हार्बर ब्रिज स्वतः झुलता नाही, पण त्यावरून आगगाड्या जातात, म्हणून तो आमच्या विषयाचा आहे. १९ मार्च १९३२ रोजी तो खुला झाला. त्याआधी त्यावर ९६ वाफेची इंजिने एकामागे एक उभी करून भार पाहिला होता. त्या पुलावर रंगाचे काम खऱ्या अर्थाने कधी संपत नाही. या टोकाकडे पोहोचेपर्यंत त्या टोकाचा रंग जुना झालेला असतो. २०२० आणि २०२१ साली त्याच्या रुळांखालील लाकडी तुळया काढून काँक्रीटच्या तयार फरश्या बसवल्या. त्यासाठी गाड्या काही दिवस थांबवल्या आणि लोकांना आधी सांगून बसची सोय केली. पूल नव्वदीला टेकलेला होता. तो पाडा, नवा बांधा, असे कोणी म्हटले नाही. त्याला म्हातारा म्हणून सोडूनही दिले नाही. जी वस्तू झिजते ती बदलली, जी टिकते ती ठेवली.

मग नॉर्थब्रिजच्या पुलाचे उत्तर आम्ही अर्धेच बरोबर का म्हणतो? काही जाणकार म्हणतात की, भार न धरणारे मनोरे ठेवणे हा नुसता देखावा होता. आम्हांला तसे वाटत नाही. लोकांच्या डोळ्यांना ओळखीची वस्तू राहिली, दगड वाया गेला नाही, आणि खर्चही फार वाढला नसावा. आमची तक्रार त्याआधीच्या काळाविषयी आहे. १८९२ ते १९३६ म्हणजे चव्वेचाळीस वर्षे. चांगल्या झुलत्या पुलाचे हे वय म्हातारपणाचे नव्हे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ चा आहे आणि तो अजून आपल्या जुन्या मुख्य दोरांवर उभा आहे. जमीन विकण्यासाठी बांधलेला पूल जमीन विकली न गेल्यावर कोणाचा? टोल घेणारा टोल घेतो, पण गंजाकडे पाहणे हे आपले काम आहे, असे त्याला वाटेलच असे नाही. नंतर सरकारने पूल घेतला आणि दोनच वर्षांत त्यावर ट्राम चढवली. जमीनविक्रीसाठी बांधलेल्या, बुडालेल्या कंपनीकडून आलेल्या पुलावर इतका भार घालावा का, हे आम्ही असतो तर शंभर वेळा विचारले असते. कमान बांधणे शौर्याचे दिसते. दर वर्षी दोर उकलून पाहणे शौर्याचे दिसत नाही, पण ते झाले असते तर कदाचित तो पूल आजही आपल्या नावाला जागला असता.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या बेटावर १८६४ साली आगगाडी आली. १९५६ साली प्रवाशांच्या गाड्या बंद झाल्या आणि १९६४ साली मालगाड्याही थांबल्या. शंभर वर्षांची ती व्यवस्था आपण दुरुस्त केली नाही, मोडीत काढली. तेव्हा मोटारी व बस स्वस्त वाटल्या, आणि त्या वेळच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पुढची पन्नास वर्षे आपण रस्त्यावरील कोंडीत उभे राहून त्याची किंमत दिली, हेही खरेच आहे. जानेवारी २०२० मध्ये पोर्ट लुईस ते रोझ हिल मेट्रो सुरू झाली, तेव्हा तिचा बराचसा मार्ग त्याच जुन्या लोहमार्गाच्या जागेवरून गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती क्युरपीपला पोहोचली. आपल्या आजी ज्या वाटेने आगगाडीने बाजाराला जात, त्याच वाटेने नात कॉलेजला जाते. यात आनंद आहे. पण जे मोडले ते पुन्हा बांधण्याचा खर्च हा जपण्याच्या खर्चापेक्षा किती पट असतो, तेही एकदा घरातील हिशेबाच्या वहीत लिहून पाहावे.

मेट्रोचे पूल आज नवे आहेत. ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या दरीवरून गाडी जाते तेव्हा मुले खिडकीला नाक लावून खाली पाहतात. आम्हीही पाहतो. नव्या पुलाचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, फलकावर मंत्र्यांचे नाव कोरले जाते. आमची सूचना एवढीच आहे की, त्याच फलकाखाली दुसरा एक साधा फलक असावा. त्यावर लिहावे: मागील तपासणी केव्हा झाली, पुढील केव्हा आहे, आणि ती कोणत्या खात्याने करायची आहे. क्रियोलमध्ये लिहा, फ्रेंचमध्ये लिहा, जमल्यास आपल्या भाषांतही लिहा. खर्च एका पत्र्याचा आणि थोड्या रंगाचा. बसमध्ये बसणारा, गाडीतून उतरणारा कोणीही मग विचारू शकेल की, तारीख उलटून गेली, तपासणी का झाली नाही?

सरकारी अंदाजपत्रकात नव्या कामाचा रकाना मोठा आणि देखभालीचा रकाना लहान, हे सगळ्या देशांत चालते. पैसे कमी पडले की आधी देखभालीचे कापतात, कारण त्याने यंदा काही पडत नाही. पडते ते वीस वर्षांनी, दुसऱ्या मंत्र्याच्या काळात. म्हणून देखभालीचा पैसा वेगळा ठेवावा आणि तो दुसऱ्या कामाला वळवण्याची मनाई असावी, असे आम्हांला वाटते. मेट्रोच्या तिकिटातील ठरावीक हिस्सा पहिल्या दिवसापासून त्यासाठी बाजूला पडला तर कोणाला जड जाणार नाही. आपल्या बायका भिशीत महिन्याला थोडे थोडे टाकतात आणि लग्नाच्या वेळी हात पसरत नाहीत. तेच गणित आहे.

शेवटी आम्हां शिक्षकांकडे येतो. अध्यापनाच्या शिक्षणात आम्हांला शिकवले होते की प्रश्न असा विचारावा, ज्याने मूल विचार करील. तरी आमच्या प्रश्नपत्रिकांत अजून हेच येते की, अमुक पूल कोणी बांधला, कोणत्या साली बांधला, लांबी किती. तो पूल आज कोण सांभाळतो, हे कोणी विचारत नाही. रंगारी, रिव्हेट ठोकून पाहणारा कामगार, रात्री रुळांवरून कंदील घेऊन चालणारा गँगमन हे आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठेच नाहीत. या सत्रात सहावीच्या वर्गाला आम्ही एक गृहपाठ देणार आहोत. प्रत्येक मुलाने आपल्या गावाजवळचा एक पूल निवडायचा, मग तो ओढ्यावरचा दगडी असो की उसाच्या शेतातला लोखंडी. त्याखाली जाऊन कुठे गंज आहे, कुठे भेग आहे, पावसाचे पाणी कुठे साचते, ते पाहून चित्र काढायचे, आणि ते चित्र ग्रामपरिषदेच्या कचेरीत नेऊन द्यायचे. मोठ्यांपैकी कोणीतरी बरोबर जावे आणि पाण्याचे दिवस टाळावेत. ज्या पालकांची मुले सिडनीत आहेत त्यांनी त्यांना कॅमरेच्या त्या पुलाचा एक फोटो पाठवायला सांगावे. वर्गाच्या भिंतीवर लावायला हवा आहे.